रूथताईंची नोंद

रूथ साळवे यांच्या गाडीत बसलं की पहिली दहा सेकंदं कुणी हलायचं नाही, असा नियम होता. दार लावायचं, पट्टा बांधायचा, पर्स मांडीवर ठेवायची आणि पुतळ्यासारखं बसून राहायचं. डॅशबोर्डवर त्यांचा फोन आवळून बसवलेला असायचा, आधी चिकटपट्टीने आणि पुढे एका जाड धातूच्या पट्टीला. गाडी उभी आहे आणि सपाट जमिनीवर आहे, हे त्या दहा सेकंदांत फोनला कळायचं. त्यानंतर जो काही हिसका बसेल तो गाडीचा, अशी त्याची नोंद सुरू व्हायची. पहिल्याच दिवशी मी नेमकी त्या दहा सेकंदांत शिंकले. रूथताईंनी माझ्याकडे शांतपणे बघितलं, फोनवर बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "झालं. आता परत पहिल्यापासून."

मी तेव्हा सोलापूरहून दिल्लीला नवीनच आले होते. मध्य दिल्लीतल्या एका मंत्रालयात कनिष्ठ अनुवादक म्हणून लागले होते आणि मुनिरकात चौथ्या मजल्यावर एक खोली भाड्याने घेतली होती. तिची खिडकी उघडली की समोरच्या घराची भिंत हाताला लागायची. रूथताई आमच्याच मजल्यावर सांख्यिकी विभागात होत्या. त्यांनी मला ओळखलं ते माझ्या डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीवरून. जेवणाच्या सुट्टीत त्या आपला डबा घेऊन सरळ माझ्या टेबलाशी आल्या आणि विचारलं, "सोलापूर ना? मी नगरची. सरक जरा." त्यांचं सरकारी क्वार्टर रामकृष्णपुरमला, माझ्या मुनिरकाच्या वाटेवरच. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या गाडीतून जायला-यायला लागले.

"ऑफिसात मॅडम म्हण, गाडीत ताई म्हण," त्यांनी सांगून टाकलं. "मावशी मात्र कुठंच म्हणायचं नाही. पंचावन्न म्हणजे काही मावशीचं वय नाही." त्यांचे यजमान शमुवेल साळवे रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, अतिशय शांत गृहस्थ. त्यांना मी काका म्हणायचे. ताईंचे यजमान काका कसे, याबद्दल दोघांपैकी कुणीही कधी हरकत घेतली नाही.

दिसायला ताई अगदी सरकारी. सुती साडी, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा, खांद्याला मोठी कापडी पिशवी. पायात मात्र कायम पातळ तळव्याचे बूट. "पायाला ब्रेक कळला पाहिजे," असं त्याचं स्पष्टीकरण. गाडी दहा वर्षांची, पांढरी, छोटी. दिल्लीतल्या प्रत्येक गाडीला असतात तसे दोन-चार ओरखडे तिलाही होते, पण इंजिनाचा आवाज असा की सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने एकदा वळून विचारलं होतं, "मैडम, सर्विस कहाँ कराते हो?"

हे फोनचं प्रकरण सुरू झालं ते नवरा-बायकोच्या भांडणातून. काका म्हणायचे की रूथ ब्रेक फार जोरात लावते. तीस वर्षं म्हणत होते. ताईंना कुणीतरी सांगितलं की फोनमध्ये हिसके मोजणारा सेन्सर असतो आणि तो वाचणारं अॅपही मिळतं. मग काय, महिनाभर दोघांनी आलटून पालटून गाडी चालवली. काका नेहमीसारखी, ताई नेहमीसारखी. महिन्याच्या शेवटी ताईंनी दोघांचे आलेख छापून जेवणाच्या टेबलावर ठेवले. जोरात ब्रेक लावणारे काका निघाले. मी काकांना नंतर विचारलं, तुम्ही काय म्हणालात त्यावर? काका म्हणाले, "काय म्हणणार? वाढ म्हणालो."

ताई मात्र तिथं थांबल्या नाहीत. त्यांच्या लक्षात आलं की गाडी आपण कशी चालवतो याबद्दल माणसाला वाटत असतं एक आणि घडत असतं दुसरंच. त्याची त्यांना चटकच लागली. ग्रेटर नोएडाच्या पुढे शेतांच्या मधोमध एक छोटा खाजगी ट्रॅक आहे. तिथं महिन्यातून एका रविवारी कुणालाही हेल्मेट घालून आपली गाडी पळवता येते, असं त्यांना कळलं. रस्त्यावर वेग नको, हा त्यांचा कडक नियम होता. रस्त्यावर त्या इतक्या शिस्तीत चालवायच्या की मागचे लोक हॉर्न वाजवून थकायचे. पण ट्रॅकवर? पहिल्या रविवारी त्या सगळ्यांच्या मागे होत्या. दुसऱ्या रविवारी तीन गाड्या त्यांच्या मागे होत्या.

"माझं मत विचारू नकोस, माझी नोंद बघ," हे त्यांचं पालुपद. ऑफिसात कुणी 'मुझे लगता है' म्हणून वाक्य सुरू केलं की त्या पेन खाली ठेवायच्या. याचं मूळ त्यांच्या वडिलांत होतं. ते नगरला मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. रोग्याच्या कपाळाला हात लावून ताप लिहिणाऱ्या एका शिकाऊ नर्सला त्यांनी सगळ्या वॉर्डासमोर सांगितलं होतं, की बाई, तुझा हात गार असला तर माझ्या पेशंटचा ताप वाढतो होय? ही गोष्ट ताई दर दोन महिन्यांनी सांगायच्या आणि दर वेळी तितक्याच खूष व्हायच्या.

फोन नीट बसवायला चांगला होल्डर हवा, म्हणून आम्ही एका शनिवारी करोल बागेत गेलो. गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात एका दुकानात तिशीचा एक तगडा सरदार गल्ल्यावर बसला होता. त्याने प्लॅस्टिकचा एक होल्डर पुढे केला. "आंटीजी, मैप देखने के लिए ये बढ़िया है."

"मैप नहीं देखना. हिलना नहीं चाहिए."

"नहीं हिलेगा जी."

ताईंनी होल्डर काउंटरवर चिकटवला, त्यात फोन घातला, अॅप उघडलं आणि काउंटरवर मूठ आपटली. पडद्यावरची रेघ थयथयाट करायला लागली. "ये गाड़ी नहीं हिली, तुम्हारा होल्डर हिला. होल्डर हिलेगा तो फोन झूठ बोलेगा." सरदार हसला, आतून धातूच्या पट्ट्या घेऊन आला, आणि तासाभराने ताई हव्या त्या मापाची पट्टी, चार बोल्ट आणि काडेपेटीएवढं एक यंत्र घेऊन बाहेर पडल्या. ते यंत्र गाडीच्या टपावर चुंबकाने बसायचं. फोन आपण कुठे आहोत हे सेकंदाला एकदाच टिपतो, हे यंत्र सेकंदाला दहा वेळा टिपून फोनला कळवायचं. "वेगात एका सेकंदात गाडी तीस मीटर जाते," ताई मला मेट्रोच्या जिन्यावर समजावत होत्या. "तेवढ्यात आख्खं वळण हातचं जातं."

त्या हिवाळ्यात ट्रॅकवर हौशी लोकांची स्पर्धा जाहीर झाली. एका वेळी एकच गाडी, तीन फेऱ्या, त्यातली सर्वांत कमी वेळेची धरायची. ताईंनी नाव दिलं आणि सरकारी नोकर म्हणून रीतसर परवानगीचा अर्जही टाकला. अवर सचिवांनी त्यांना बोलावलं. अर्जाचा हिंदी अनुवाद माझ्याकडे होता म्हणून मीही तिथं होते.

"मैडम, आपकी उम्र में... अच्छा लगेगा?" साहेबांनी अगदी सौम्यपणे विचारलं.

"सर, मैंने नियम पढ़े हैं. उनमें उम्र कहाँ लिखी है, बता दीजिए. मैं अर्जी वापस ले लूँगी."

साहेबांनी नियमांचं पुस्तक मागवलं नाही. सही केली.

स्पर्धेच्या दिवशी मी आणि काका बरोबर गेलो. काकांनी थालीपिठांचा डबा आणि एक मोठी छत्री घेतली होती. गाडी आत घेताना एका माणसाने हात दाखवून अडवलं. "आंटीजी, फैमिली वाली पार्किंग उधर है." तो करोल बागेतला सरदार होता. त्याच्यामागे त्याची गाडी उभी होती, आमच्याच छोट्या गाड्यांच्या गटातली, पण रुंद टायरांची आणि तिपटीने आवाज करणारी. ताईंनी काच खाली केली. "होल्डर नहीं हिलता अब. थैंक यू." आणि गाडी सरळ स्पर्धकांच्या रांगेत नेऊन लावली. त्याचं नाव मनदीप. गेले दोन मोसम त्या गटात तोच पहिला येत होता.

ताईंच्या तीन फेऱ्या झाल्या. त्या हेल्मेट काढून घाम पुसत होत्या, तेवढ्यात लाउडस्पीकरवर त्यांचं नाव आलं. दुसऱ्या फेरीची वेळ गटात पहिली होती. मनदीपपेक्षा सव्वा सेकंदाने कमी! मी ओरडले, काकांनी छत्री मिटून हवेत उंचावली. लोक धावत आले. आयोजक भाटियाजी स्वतः आले, ताईंच्या हातात फुलं दिली. पंचावन्न वर्षांच्या सरकारी बाई, सुती साडीवर हेल्मेट! फोटो निघाले, जाहिरात देणाऱ्या कंपनीच्या माणसांनी आपला लांबलचक फलक मागे धरला. दहा मिनिटांत तो फोटो आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर पोचलाही होता. अवर सचिवांनी हात जोडलेलं चिन्ह पाठवलं.

या सगळ्या गोंधळात ताई कुठे होत्या? गाडीत. दार लावून, चष्मा नाकावर घेऊन फोनकडे बघत होत्या. मी काच ठोठावली तशी त्या म्हणाल्या, "मेधा, हा माझा वेळ नाही."

"म्हणजे?"

"माझा फोन म्हणतोय दोन सेकंद जास्त. फोन एवढा चुकत नाही. सेकंदाचा दहावा भाग चुकेल, दोन सेकंद नाही."

"अहो ताई, त्यांचं यंत्र मोठं आहे. फोनपेक्षा तेच खरं असणार ना?"

"मोठं आहे म्हणून खरं? चल."

वेळ मोजण्याच्या खोलीत जाऊन त्यांनी आपल्या तिन्ही फेऱ्या आणि त्यानंतरची सावकाश परतीची फेरी, अशा चारही वेळा मागून घेतल्या. शेजारी फोनवरच्या चार वेळा लिहिल्या. पहिली फेरी जुळली, तिसरी जुळली. दुसरी त्यांच्या यंत्रात दोन सेकंदांनी कमी होती... नाही, थांबा, इथे माझी नेहमी चूक होते. तेव्हा ताईंनीही मला असंच थांबवलं होतं. तिसरी जुळली नव्हती. दुसरीत जे दोन सेकंद कमी होते, तेच तिसरीत जास्त झाले होते. पहिली आणि परतीची जुळत होती.

"समजलं का?" ताई म्हणाल्या. "दुसरी फेरी माझ्याआधी कुणीतरी संपवली."

आणि तसंच झालं होतं. यंत्र म्हणजे रेषेच्या दोन टोकांना बसवलेला एक अदृश्य किरण. तो तुटला की फेरी संपली. जाहिरातीचा फलक घेऊन एक माणूस घाईघाईने रेषेच्या कडेने गेला होता, त्याच्या फलकाचं टोक किरणात आलं, आणि ताई अजून शेवटच्या सरळ रस्त्यावर असतानाच यंत्राने त्यांची फेरी बंद केली. एकदा किरण तुटला की पुढचे काही सेकंद यंत्र काही मोजत नाही, त्यामुळे ताई खरोखर रेषेवर आल्या ते त्याने धरलंच नाही. ते दोन सेकंद परत घातले की ताई तिसऱ्या येत होत्या आणि मनदीप पहिला.

भाटियाजींनी ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. "मैडम, फोटो जा चुके हैं. कंपनी वाले खुश हैं. लोग तो यहाँ उल्टा झगड़ते हैं, कि हमारा टाइम कम करो."

"मैं भी झगड़ रही हूँ."

"किससे? अपने आप से?"

"आपकी मशीन से."

"फोन का डेटा हमारे यहाँ मान्य नहीं है जी."

"फोन छोड़ दीजिए," ताई म्हणाल्या आणि त्यांनी यंत्राचाच कागद पुढे सरकवला. "एक फेरी में दो सेकंड कम, अगली में ठीक उतने ही ज़्यादा. ये तो आपका ही काग़ज़ बोल रहा है."

भाटियाजींनी कागद उलटा करून परत सुलटा केला. मग म्हणाले की जाऊ द्या, इतक्या वर्षांत एका बाईला पहिलं बक्षीस मिळतंय, त्याचा तरी विचार करा. त्या वाक्यावर ताईंचा आवाज पहिल्यांदा चढला. आणि चढला तशी भाषाही बदलली, समोरच्याला कळतंय की नाही याची पर्वा न करता त्या मराठीत बोलल्या. "बाई म्हणून द्यायचं असेल तर तसं लिहून द्या कपावर! मी वर्षभर इथं घासतेय ती तिसरी आले. माझा तिसरा नंबर मला पाहिजे. तो मी कमावलाय."

काका दाराशी उभे होते. त्यांनी हलक्या आवाजात भाटियाजींना हिंदीतून सांगितलं, "दे दीजिए जी. तीस साल का अनुभव है मुझे."

निकाल दुरुस्त करून घेऊन ताई बाहेर आल्या, सरळ मनदीपकडे गेल्या आणि फुलं त्याच्या हातात दिली. तो गडबडला. "आंटीजी, आप क्यों..."

"एहसान नहीं कर रही. नंबर तुम्हारा है. और आंटी नहीं, साळवे मैडम."

सोमवारी ऑफिसात त्या हसण्याचा विषय झाल्या. हातात आलेला कप परत देणारी बाई! कुणी म्हणालं, साध्याभोळ्या आहेत. कुणी म्हणालं, नाटक आहे. दुपारी चहाच्या वेळी एका सहकाऱ्याने विचारलंच, "मैडम, किसी को पता भी नहीं चलता. फिर क्यों?" ताईंनी बिस्किट चहात बुडवलं. "मुझे पता था ना. मैं किसी में नहीं आती क्या?" मी आजवर इतकी वाक्यं अनुवादली, पण या वाक्याचं मराठी मला अजून जमलेलं नाही.

पुढच्या मोसमात भाटियाजींनी नवा नियम काढला, की सुरक्षेच्या कारणास्तव गाडीत फोन नको. नियम कुणासाठी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. ताईंनी नियम लेखी मागितला. त्यात 'सुटी वस्तू' असे शब्द होते. त्या रविवारी तपासणीच्या रांगेत त्यांनी दार उघडून तपासनीसाला सांगितलं, "खींचिए." त्याने फोन ओढला. हलला नाही. दोन्ही हातांनी ओढला. गाडी हलली, फोन नाही. मागून कुणीतरी शिट्टी वाजवली. तो मनदीप होता. त्याच्या डॅशबोर्डवरही आता तशीच पट्टी होती आणि तसाच आवळलेला फोन. त्या दिवशी रांगेतल्या सात गाड्यांत फोन निघाले. सातही जणांनी दार उघडून सांगितलं, "खींचिए." नियम दुपारपर्यंतही टिकला नाही.

त्या दिवसापासून मनदीप आपला फोन घेऊन ताईंच्या गाडीशी यायला लागला. "मैडम, ज़रा देखना, चौथे मोड़ में मैं कहाँ मर रहा हूँ." ताई दोघांच्या रेघा एकावर एक ठेवून दाखवायच्या. इथं तू ब्रेक उशिरा लावलास, इथं घाबरलास, इथं उगाच शौर्य. काकांची थालीपिठं खात दोघं तासन् तास वाद घालायचे. तिसऱ्या मोसमात ताई दुसऱ्या आल्या. मनदीप पहिला, फरक एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याचा. तो कप त्यांनी घेतला, आणि दिवाणखान्यात येशूच्या तसबिरीखाली ठेवला.

त्यानंतरच्या वर्षी त्यांची वेळ घसरायला लागली. थोडीच, दर रविवारी थोडी. त्या अठ्ठावन्नच्या होत्या. काका म्हणाले, वय झालं रूथ. मनदीपनेही भीत भीत तेच सुचवलं. ताई भडकल्या. "वय कुठं झालंय ते दाखव. कुठल्या वळणावर झालंय?"

आणि त्यांनी ते शोधायला घेतलं. आदल्या दोन वर्षांच्या नोंदी काढल्या, सगळ्या फेऱ्यांचे वळणवार तुकडे पाडले. त्या ट्रॅकवर बारा वळणं होती, सात उजवी आणि पाच डावी. एका रविवारी दुपारी क्वार्टरच्या जेवणाच्या टेबलावर तो तक्ता पसरून त्यांनी मला बोलावलं. उजव्या सातही वळणांवर वेळ दोन वर्षांपूर्वीइतकाच होता. जात होता तो सगळा डाव्या पाच वळणांवर. तिथं त्या आधी ब्रेक लावत होत्या. दर वेळी आणि पाचही ठिकाणी.

"वय डाव्या बाजूनेच होतं का गं?" त्यांनी विचारलं. चेष्टेत नाही.

आधी संशय गाडीवर. टायर बदलले, चाकांचा कोन तपासला. काही फरक नाही. मग त्यांनी मनदीपला आपल्या गाडीत बसवलं. तीच गाडी, तोच फोन, तीच दुपार. तो डाव्या वळणांवर व्यवस्थित गेला. गाडीतून उतरून त्याने मान खाली घातली. "गाड़ी तो ठीक है, मैडम."

"म्हणजे मी," ताई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "मला तर काहीच वाटत नाहीये. नीट दिसतंय, नीट चालवतेय. मला वाटतंय मी तशीच जातेय." त्यांच्या चेहऱ्यावर भीती मी तेवढी एकदाच पाहिली. काका उठले आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्या तो तक्ता घेऊन गेल्या. मी बरोबर होते. डॉक्टर तरुण होते. त्यांनी आधी अक्षरं वाचायला लावली, ताईंनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. चष्म्याचा नंबरही तोच होता. "नज़र तो बढ़िया है आंटी."

ताईंनी तक्ता टेबलावर ठेवला. "बाएँ मोड़ पर मैं जल्दी ब्रेक मार रही हूँ. पाँच में से पाँच. इसका कारण चाहिए."

डॉक्टरांना आधी हसू आलं, मग कागद वाचताना ते थांबलं. त्यांनी आणखी एका तपासणीला बसवलं. हनुवटी टेकवून समोर बघत राहायचं, कडेला बारीक ठिपका चमकला की बटण दाबायचं. उजव्या डोळ्याने ताईंनी टकाटक बटण दाबलं. डाव्या डोळ्याच्या वेळी मी मागून पडद्याकडे बघत होते. डाव्या कडेला ठिपके चमकत होते, विझत होते, आणि ताई बटणावर अंगठा ठेवून निवांत बसल्या होत्या.

डाव्या डोळ्यात काचबिंदू होता. दुखत नाही, खुपत नाही, नजर कडेकडून हळूहळू खात येतो आणि दुसरा डोळा ती उणीव भरून काढत राहतो, असं डॉक्टरांनी समजावलं. बहुतेक लोक फार उशिरा येतात. गेलेलं परत येणार नव्हतं, पण उरलेलं थेंब घालून वाचवता येणार होतं. डाव्या वळणाची आतली कड ताईंना दिसतच नव्हती. ते त्यांना कळलं नव्हतं, त्यांच्या उजव्या पायाला कळलं होतं. तो आधीच ब्रेक दाबत होता.

डॉक्टर म्हणाले की ट्रॅक बंद करा असं मी सुचवेन, पण ठरवायचं तुम्ही. घरी परतताना गाडी काकांनी चालवली. ताई मागे माझ्याशेजारी बसल्या. मग त्या म्हणाल्या, "रस्त्यावरसुद्धा नाही चालवणार आता. डावीकडून कुणाचं पोर आलं तर?" एवढंच. मी काहीतरी धीराचं बोलायला गेले, तर त्यांनी हात वर केला. "रडगाणं नको. हे मला कुणी सांगितलं नाही, मी शोधलंय." काकांनी सिग्नलला ब्रेक लावला, नेहमीसारखा जोरात. ताई काही म्हणाल्या नाहीत.

निवृत्त होईपर्यंत त्या मेट्रोने आल्या. रविवारी मात्र ट्रॅकवर असायच्या, काकांच्या छत्रीखाली, पुढ्यात चार-पाच जणांचे फोन. त्यांच्या वळणांची चिरफाड चालायची आणि सगळे निमूट ऐकायचे. त्यांच्या आग्रहामुळे मनदीपच्या आईने डोळे तपासून घेतले, आणि तिच्यापाठोपाठ भाटियाजींनीही.

साठ पूर्ण झाल्यावर ऑफिसने निरोप समारंभ केला. समोसे, गुलाबजाम, एक शाल, आणि अवर सचिवांचं भाषण. ते आता उपसचिव झाले होते. साहेब मनापासून बोलले. साळवे मॅडमचं काम, त्यांची शिस्त, त्यांचे आकडे. आणि शेवटी, अगदी प्रेमाने, "इन्होंने तो रेसिंग भी की! फिर समझदारी दिखाई, उम्र का लिहाज़ करके छोड़ दी. ये भी हम सबको सीखना चाहिए."

टाळ्या वाजल्या. ताई उभ्या राहिल्या. त्यांनी आभार मानायचे, शाल सावरायची, डोळे पुसायचे, असं सगळ्यांनी धरलं होतं. त्यांनी शाल खुर्चीच्या पाठीवर ठेवली.

"सर, एक दुरुस्ती है. रेसिंग मैंने उम्र की वजह से नहीं छोड़ी. बाईं आँख की वजह से छोड़ी. दोनों अलग कॉलम हैं." आणि त्यांनी चष्मा नाकावर सरळ केला. "दाएँ मोड़ पर मेरा टाइम आखिरी दिन तक वही था. रिकॉर्ड है."

मग त्या खाली बसल्या आणि त्यांनी समोसा उचलला.